द्यूतव्यसन : नियमाला उपचाराची जोड

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी जुगाराच्या व्यसनावर व्याख्यान ठेवण्याचे धैर्य संयोजकांनी दाखविले, याबद्दल प्रथम त्यांचे अभिनंदन करतो. ज्या दुःखाविषयी घराच्या चार भिंतींत कुजबुज होते, त्याविषयी समाजाच्या व्यासपीठावरून मोकळेपणाने बोलले गेले, तर त्या घरांना मदत मागण्याचे बळ मिळते.

आपल्या परंपरेला हा विषय नवा नाही. श्रावकाचारात सांगितलेल्या सप्त व्यसनांत पहिले स्थान द्यूताला आहे. मांस, मद्य, चोरी इत्यादी त्यानंतर येतात. दृष्टांत देताना आचार्यांनी मद्यासाठी यादवांचा, परस्त्रीसाठी रावणाचा आणि द्यूतासाठी युधिष्ठिराचा उल्लेख केला. येथे थोडे थांबून विचार करावा. युधिष्ठिर दुष्ट नव्हता, मूर्खही नव्हता. धर्माचा जाणकार म्हणून त्याची ख्याती होती. याचा अर्थ, सज्जनपणा आणि बुद्धिमत्ता हे या व्यसनाविरुद्धचे चिलखत नव्हे. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त केवळ मनोरंजनासाठी लावलेली पैजदेखील द्यूतत्याग्यासाठी दोष मानली. ‘गंमत म्हणून’ या शब्दांत दडलेला धोका त्यांनी अचूक ओळखला होता.

आपल्या भागात जुगार म्हटला की मटका आठवतो. १९६० च्या दशकात मुंबईत, न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर चालणाऱ्या सट्ट्यातून तो पुढे आला. भावांच्या जागी मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ पासून असूनही ओपन आणि क्लोजच्या आकड्यांची भाषा कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत पोचली. त्याचे गणित साधे आहे. आकडे दहा, आणि लागला तर प्रचलित दर एकास नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तरी दहा जातात आणि नऊ परत येतात. हजार रुपये घेऊन खेळणारा, आलेली सर्व रक्कम पुन्हा लावत राहिला, तर दहा डावांनंतर सरासरीने सुमारे ३५० रुपयेच उरतात. यात खेळणाऱ्याचे नशीब नव्हे, तर चालविणाऱ्याचा हिशेब जिंकतो.

आता टपरीपर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवरील रमी आणि क्रिकेटचा सट्टा थेट शयनगृहात पोचला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु दार बंद झाले म्हणून आतली ओढ आपोआप शमत नाही, ती दुसरी वाट शोधते.

आपला समाज शेती आणि व्यापार यांत रमलेला असल्याने आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. व्यापारात जोखीम असते, पण प्रत्येक जोखीम व्यापार नसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. असा व्यवहार करणारा प्रत्येक जण जुगारी नव्हे. मात्र गेलेले पैसे आजच परत मिळवायचे म्हणून कर्ज काढून, घरच्यांपासून लपवून सौदे होऊ लागले, की नाव ‘ट्रेडिंग’ असले तरी आजार तोच असतो.

‘आजार’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याची मनोविकार म्हणून नोंद केली आणि २०१३ मध्ये त्याला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतही त्याला हेच स्थान आहे. कधी मिळेल हे ठाऊक नसलेले बक्षीस मेंदूला फार जखडून ठेवते. थोडक्यात हुकलेला डाव हा खरे तर हरलेलाच डाव; पण मेंदू त्याला ‘जवळजवळ जिंकलो’ असे समजतो व पुन्हा खेळायला भाग पाडतो.

हा आजार ओळखावा कसा? तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. म्हणून तो वर्षानुवर्षे लपतो. तज्ज्ञ नऊ लक्षणे पाहतात : मनात सतत खेळाचेच विचार असणे, तोच आनंद मिळण्यासाठी रक्कम वाढवीत जाणे, सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, खेळ थांबविताच चिडचिड होणे, दुःख वा चिंता विसरण्यासाठी खेळणे, गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, नोकरी, शिक्षण वा नाती पणाला लागणे, आणि कर्ज फेडण्यासाठी इतरांपुढे हात पसरणे. वर्षभरात यांपैकी चार वा अधिक आढळली, तर निदानाचा गंभीर विचार होतो. घरच्या घरी पडताळण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. अधिकाधिक रक्कम लावण्याची गरज वाटली का? आणि किती खेळतो हे जवळच्या माणसांपासून लपवावे लागले का? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरांना भेटावे.

एक सूचना वडीलधाऱ्यांसाठी. कंपवाताच्या काही औषधांमुळे, तसेच उन्मादाच्या आजारात, आयुष्यभर पत्त्यांना न शिवलेला माणूसही अचानक जुगाराकडे वळू शकतो. अशा वेळी त्याला दोष न देता डॉक्टरांना सांगावे. औषध परस्पर बंद करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मुलाने कर्ज केल्याचे कळले की घरात काय होते? वडील ठेव मोडतात, आई दागिने काढून देते, मामा उरलेली रक्कम भरतात, मंदिरात नेऊन मुलाला नियम देववितात आणि ‘ही गोष्ट बाहेर जाता कामा नये’ असे ठरते. सारे प्रेमापोटी आणि अब्रूपोटी होते. परंतु आजारी मनाला त्यातून एवढाच बोध होतो, की कितीही हरलो तरी कोणीतरी भरणार आहे. काही महिन्यांनी कर्ज पुन्हा उभे राहते, आणि आता नियम मोडल्याची लाजही त्यात भर घालते. ही लाज आणि कर्ज एकत्र आले की माणूस आत्महत्येपर्यंत पोचू शकतो. म्हणून ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द कानी आले, तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

नियम घेऊ नये असे मी म्हणत नाही. नियमाला उपचाराची जोड द्यावी, एवढेच सांगतो. आपल्याकडे प्रायश्चित्ताच्या प्रकारांत आलोचना आणि प्रतिक्रमण प्रथम येतात. काही न लपविता सांगणे आणि मग मागे फिरणे, हाच तो क्रम. आधुनिक उपचाराचा आरंभही असाच होतो. प्रथम सर्व कर्जांची लेखी यादी करावी. पैशांचा कारभार काही काळ विश्वासू व्यक्तीकडे सोपवावा, मोबाइलवरील ॲप आणि देवघेवीच्या सोयी बंद कराव्यात. कर्जफेड हप्त्यांनी, शक्यतो त्याच्याच कमाईतून व्हावी. समुपदेशनात ‘पाच वेळा आला नाही, म्हणजे आता येणारच’ यांसारख्या चुकीच्या समजुती तपासून बदलल्या जातात आणि ओढ लागल्यास काय करायचे, याचा सराव करून घेतला जातो. सोबत नैराश्य वा मद्याचे व्यसन असेल, तर त्यावर औषधे आहेत. ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोनसारखे औषध काही रुग्णांना उपयोगी पडते, पण तो निर्णय डॉक्टरांचाच. उपचारादरम्यान पाय पुन्हा घसरू शकतो. त्याला विश्वासघात न मानता, उपचार अधिक नेटाने करण्याची खूण मानावी.

मदत दूर नाही. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, अर्थात सीपीआरमध्ये, मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणाचा व्यसनमुक्तीचा अनुभव मोठा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. आपली माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. म्हणून अब्रूच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही.

१८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि पुढे या भागात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. त्या पिढीने निरक्षरता ही एखाद्या घराची लाज न मानता समाजाची जबाबदारी मानली. व्यसनाविषयीही आपण तीच दृष्टी ठेवावी. संस्थेने महिन्यातून एक दिवस सभागृहाची एक खोली आणि एक समुपदेशक उपलब्ध करून द्यावा, तेथे येणाऱ्याचे नाव विचारू नये, अशी विनंती मी विश्वस्तांना करतो. पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा आरंभ त्या खोलीपासून झाला, तर या महोत्सवाचे सार्थक होईल.