उसनी जाग

१९४१ साली जपानमध्ये ‘फिलोपॉन’ या नावाने मेथॅम्फेटामाइन विक्रीस आले. युद्धकाळात ते सैनिकांना आणि कारखान्यांतील कामगारांना देण्यात आले. युद्ध संपले, व्यसन उरले. १९५१ साली कायदा करावा लागला.

मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजके आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, म्हणून निर्धोक वाटतात. (खऱ्या रुग्णाला ती उपकारकच असतात.) त्यांचा व्यसनी आधी कष्टाळू दिसतो, म्हणूनच उशिरा ओळखू येतो. झोप उडते, भूक मरते, गोळ्या मुदतीआधी संपतात, पुढे संशय बळावतो. हे व्यसन सोडविणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. समुपदेशन आणि वैद्यकीय देखरेख हाच उपचार. गोळी थांबली की अतोनात झोप, खिन्नता, क्वचित आत्महत्येचे विचार येतात; त्या दिवसांत त्याला एकटे सोडता येत नाही. त्या दिवसांची पगारी रजा आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात कोठे आहे?