पडद्यावरचा ‘ल’ आणि फळ्यावरचा ‘ल’
(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गात केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे पहिली-दुसरीच्या वाचनासाठी ऑनलाइन साधने. साधनांची यादी मी देणार नाही. ती तुमच्या व्हॉट्सॲप गटांवर दर आठवड्याला येते. त्या यादीतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपल्या गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या. मूल घरी कोकणी बोलते, आणि हल्ली त्याच बाकावर कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूलही असते. मराठीचे छापील पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक, घरी दुसरे बहुधा नसतेच. अशात एखादी आई दाराशी येऊन विचारते, “बाई, आमचो चलो वाचूंक केन्ना शिकतलो?” उत्तर लांबले, तर पुढच्या जूनमध्ये तो मुलगा दुसऱ्या शाळेच्या बसमध्ये दिसतो. पट एकेकाने कसा उतरतो आणि पुढे शाळेचे काय होते, ते इथे कोणाला सांगायला नको.

म्हणून पहिल्यांदा सोडण्याची गोष्ट सांगते: मुळाक्षरांची गाणी. नेटवर सगळ्यांत जास्त हीच सापडतात. रंगीत, नाचरी, मुलांना आवडणारी. दुसरीतल्या एका मुलीला असे गाणे तोंडपाठ होते. मी फळ्यावर नुसता ‘ठ’ लिहिला आणि विचारले. तिने ‘क कमळाचा’पासून सुरुवात केली आणि गात गात ‘ठ’पर्यंत पोचली. याला मी अक्षरओळख म्हणणार नाही. शिवाय ‘ऐ ऐरणीचा’ म्हणताना ऐरण कोणी पाहिली आहे? लोहाराचे दुकानही आता शोधावे लागते.

घेण्याची गोष्ट म्हणजे गोष्टीच. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे खुले ग्रंथालय सुरू केले. तिथे मराठीतली चित्रपुस्तके आहेत आणि ती वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली आहेत. पहिल्या पातळीची पुस्तके अगदी थोड्या शब्दांची, तेच शब्द पुन्हा पुन्हा येणारी. नव्या वाचकाला नेमके हेच हवे असते. पुस्तक पीडीएफ रूपात उतरवून घेता येते. सत्तरीत किंवा सांग्यात रेंज नसणाऱ्या शाळांना ही सोय मोठी आहे. घरी उतरवा, साध्या काळ्या-पांढऱ्यात छापा, मधोमध दुमडून टाका घाला. मुले चित्रे रंगवतात, मग ते पुस्तक त्यांचे होते. मोबाईल वर्गात नेलाच नाही तरी चालते. माझ्या मते नेटचा सगळ्यांत चांगला उपयोग तो बंद केल्यावरच होतो.

यातली दुसरी गोष्ट परवान्याची. तिथली पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. लेखक, चित्रकार, प्रकाशक यांचा उल्लेख ठेवून आपण ती छापू शकतो, वाटू शकतो, इतकेच काय, मजकूर बदलूनही घेऊ शकतो. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तके मोफत उतरवता येतात, दीक्षावरही भरपूर साहित्य आहे. पण मोफत वाचायला मिळणे वेगळे आणि बदलण्याची मुभा असणे वेगळे. आपल्याला ती मुभाच हवी आहे. का, ते सांगते.

चित्रात कुत्रा आहे, खाली ‘कुत्रा’ छापले आहे, आणि मूल चित्राकडे पाहून वाचते, “सुणें.” त्याला चूक म्हणायचे का? त्याला चित्र कळले, अर्थ कळला, अक्षरे तेवढी राहिली. मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिते. सुणें, कुत्रा. लिपी तीच देवनागरी, त्यामुळे ‘सुणें’ लिहिताना शिकलेला ‘स’ उद्या ‘ससा’ वाचायला उपयोगी पडतो. ‘उदक’ तर संतांच्या मराठीतही आहे. तो शब्द वर्गाच्या दाराबाहेर ठेवण्याचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. मग छापून घेतलेल्या गोष्टीच्या मागच्या पानावर मुलांकडूनच त्यांचे शब्द लिहून घ्यायचे: नुस्तें, माटोळी, कुळागर. इंदूर-हैदराबादच्या शिक्षकांना शब्द वेगळे मिळतील, एवढेच.

आता शीर्षकातला ‘ल’. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, तिच्यात ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त आहे. आपण फळ्यावर तसाच काढतो. संगणकावर मात्र अनेक ठिकाणी ही दोन अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना संकेतांक एकच, आकार कोणता दिसेल ते फाँट ठरवतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र काल शिकलेले अक्षर आज ओळखू येत नाही, आणि ते गप्प बसते. तेव्हा स्वतः मजकूर टाइप करून छापणार असाल, तर आधी ‘लाल’ आणि ‘शाळा’ हे दोन शब्द छापून पाहा. वळण पटले नाही तर फाँट बदला. तयार पीडीएफमध्ये फाँट बदलता येत नाही. तिथे दोन्ही ‘ल’ फळ्यावर शेजारी काढून “हा पण लच” असे आधीच सांगून टाकायचे.

पडद्यावर वाचताना शब्द उजळत जातो, त्याबद्दल काहींनी विचारले होते. आवाज आणि शब्द यांचा मेळ बसायला ती सोय चांगली. पण ‘किती’ या शब्दात ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. अख्खा शब्द उजळून ही अडचण सुटत नाही. तिथे शेजारी बसून बोटच ठेवावे लागते. मुलाचे वाचन ‘ऐकणाऱ्या’ ॲपविषयीही माझे मत सावध आहे. मूल ‘पाऊस’च्या जागी ‘पावस’ म्हणाले, तर यंत्राला ती चूक वाटेल. आपल्याला ते घर ऐकू यायला हवे.

एका शिक्षकावर चार इयत्ता असताना हे कधी करायचे, हा प्रश्न रास्त आहे. रोज नको. आठवड्याला एक गोष्ट: सोमवारी तुम्ही मोठ्याने वाचा, मधले दिवस तिसरी-चौथीची मुले पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतील, शनिवारी पहिलीचे मूल एक पान स्वतः वाचेल. वर्षाला तीसेक गोष्टी होतात. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तिथे तीस पुस्तके जातात.

चहानंतर तालुक्यांप्रमाणे गट करू. प्रत्येक गटाला पहिल्या पातळीची एक छापील गोष्ट मिळेल. ती तुमच्या वर्गातल्या एका मुलाला डोळ्यांसमोर ठेवून वाचा, ते कोणत्या शब्दावर अडेल त्याखाली पेन्सिलने रेघ ओढा, आणि शेजारी त्याच्या घरचा शब्द लिहा. कागद जाताना माझ्याकडे द्या. सगळे एकत्र करून पुढच्या महिन्यात प्रत्येक शाळेला एक संच पाठवते.