इंजिन बसलं, म्हणून गाडी संपली का?

  आजचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं, तर गाडी भंगारात द्यायची की घरीच इंजिन बदलायचं? गेल्या उन्हाळ्यात आमच्या दारात हे काम झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक हळदीकुंकवाला आणि गणपतीला मला हाच प्रश्न विचारला जातो. म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी हे बघा की प्रश्न नुसता हौसेचा नाही. आपलं मिल्टन कीन्स शहर १९६७ साली नव्यानं वसवायचं ठरलं, ते मोटारी डोळ्यांसमोर ठेवूनच. एच आणि व्ही रस्त्यांची जाळी, दर चौकाला गोल चक्कर. सायकलीला रेडवे आहेत, बसही आहेत, पण पहाटेची पाळी, मुलांचे क्लास आणि आठवड्याचा बाजार एका गाडीवर चालतो. ती बंद पडली की घराचं वेळापत्रकच बंद पडतं. नव्या गाडीचा हप्ता सगळ्यांनाच झेपतो असं नाही.

आमची गाडी सोळा वर्षांची. पाण्याचा पंप गेला, कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसले. गॅरेजनं सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या दुप्पट होता. त्यात त्यांची काही लबाडी नव्हती. इंजिन काढून दुसरं बसवायला तास फार लागतात, आणि इथे तासाला मोल आहे.

त्या वेळी माझे बाबा पुण्याहून आलेले होते. त्यांची नोकरी एस. टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते बॉनेटपाशी उभे राहून म्हणाले, "आधी खात्री कर. बसलंय ते इंजिनच का, ते बघ."

हे वाक्य लक्षात ठेवा. किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं, म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. बॅटरी उतरलेली असेल, स्टार्टर गेला असेल. अल्टरनेटर किंवा एसीचा कंप्रेसर जाम झाला तरी पट्टा अडतो आणि इंजिन फिरत नाही. म्हणून गाडी न्यूट्रलला घ्या, बाहेरचा पट्टा काढा, स्पार्क प्लग काढा, आणि क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवून बघा. प्लग काढायचे ते सिलिंडरात पाणी शिरलं असेल तर त्याला वाट मिळावी म्हणून. इतकं करूनही जोर लावून पुली हलली नाही, तर मात्र इंजिन बसलं. आमची हलली नाही.

मग दुसरा प्रश्न: गाडी या खर्चाच्या लायकीची आहे का? सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. खालचा पत्रा गंजल्याचे शेरे दरवर्षी वाढत असतील, तर तिथेच थांबा. कुजलेल्या पत्र्यात चांगलं इंजिन घालणं म्हणजे पडक्या वाड्याला नवा दरवाजा बसवणं. अशी गाडी अधिकृत भंगार केंद्रात द्या आणि तसं डीव्हीएलएला कळवा. आमच्या गाडीचा पत्रा धड होता, क्लच आणि ब्रेक ठीक होते. म्हणून पुढे गेलो.

काम सुरू करण्याआधी जागा बघा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर तिचं सॉर्न करा, म्हणजे ती रस्त्यावर नाही हे जाहीर करा. टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. पण मग ती स्वतःच्या ड्राइव्हवेवर किंवा खासगी जागेतच हवी, सार्वजनिक रस्त्यावर नाही. आणि शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर हातदिवा आणून दिला.

इंजिन निवडताना नुसतं मॉडेल आणि साल बघू नका. ब्लॉकवर कोरलेला इंजिनाचा कोड जुळला पाहिजे. भंगार यार्डातून घेत असाल, तर किती मैल चाललंय, कॉम्प्रेशन तपासलंय का, परत घेण्याची हमी आहे का, हे विचारा, आणि नव्या इंजिनाचा नंबर लिहिलेली पावती घ्या. ती पुढे लागते.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी सोडा. गाडी उचलायची जॅकनं, पण टेकवायची लोखंडी घोड्यांवर, म्हणजे ॲक्सल स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या नियमाला सवलत नाही."

ऑइल आणि कूलंट डब्यात काढायचं, गटारात एक थेंब जाता कामा नये. जुनं ऑइल पालिकेच्या कचरा केंद्रावर घेतात. एसीचे पाइप उघडू नका. कंप्रेसर बोल्ट सोडून बाजूला दोरीनं बांधून ठेवता येतो. तसं जमलंच नाही, तर गॅस काढायचं काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

आमच्या चौदा वर्षांच्या लेकीकडे नोंदीचं काम होतं. प्रत्येक वायर सोडण्याआधी फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. बाबांना पेट्रोलच्या गाडीतल्या सेन्सरांचं हे जंजाळ नवीन होतं, आणि तिला पाना कसा धरायचा ते. दोघांनी एकमेकांना शिकवलं. बाबांचं इंग्रजी तोकडं, तिचं मराठी तोकडं, पण "अजून अर्धा आटा" हे तिला आता झोपेतही कळतं.

आमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर काढावे लागले. हे ओझं शंभर-दीडशे किलोचं, त्यामुळे इंजिनाची क्रेन भाड्यानं आणली. उचललेल्या इंजिनाखाली हात नाही, पाय नाही.

नवं इंजिन जमिनीवर असतानाच टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील बदलून घ्या. क्लचची प्लेटही बघा. इंजिन बसवल्यावर तिथे पोचायला पुन्हा सगळं उतरवावं लागतं. गाडीचा संगणक मात्र जुनाच ठेवा, कारण किल्ली त्याच्याशी जुळलेली असते. बोल्ट टॉर्क रेंचनं, पुस्तकात दिलेल्या मापानं आवळा. गिअरबॉक्स आणि इंजिन एकमेकांना सरळ भिडत नसतील, तर बोल्टनं ओढून जुळवू नका. थांबा, उंची नीट करा, मग आपोआप बसतं.

पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडं थोडं थांबत स्टार्टर फिरवा, म्हणजे कोरड्या बेअरिंगना आधी तेल पोचतं. मग फ्यूज लावून सुरू करा, कूलंटमधली हवा काढा, गळती बघा.

चार शनिवार-रविवार गेले. खर्च गॅरेजच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसला. विमा पुन्हा सुरू केला, एमओटीची वेळ आधीच घेतली आणि गाडी थेट तिथे नेली. सॉर्नमधली गाडी अशा ठरलेल्या एमओटीला चालवत नेता येते. नंतर इंजिनाचा नवा नंबर पावतीसह डीव्हीएलएला कळवला, कारण लॉगबुकवर तो असतो. विमा कंपनीलाही सांगितलं. हे दोन कागद चुकवू नका.

आता ज्यांना हे काम करायचं नाही, त्यांच्यासाठी. आपल्या शहरातले प्रवास छोटे. इंजिन नीट तापायच्या आत आपण पोचतो, आणि थंडीत ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि पेट्रोल मिसळत राहतं. म्हणून ऑइल वेळेवर बदला, महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर "घर जवळच आहे" म्हणून पुढे जाऊ नका. सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. इंजिन बसतं ते बहुधा त्या शेवटच्या दोन मैलांत.

बाबा सप्टेंबरात परत गेले. जाताना हीथ्रोला त्याच गाडीनं गेले, पुढच्या सीटवर, सगळा वेळ इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून. लूटनच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "चांगलं बसलंय." आमच्या घरात यापेक्षा मोठी पावती नाही.

पुढच्या वेळी भेटू. तोवर, मंडळी, डिपस्टिक बघून घ्या. नमस्कार.