उसना कॅमेरा आणि आपली साक्ष

(दारव्हा येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत सिनेमाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले. कापसाचा भाव, पीककर्ज, पीकविमा, बंद पडलेली शकुंतला रेल्वे असे प्रश्न समोर असताना दारव्ह्यात चित्रपटावर कशाला बोलायचे, असे एका तरुण मित्राने मला सकाळीच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. आधी एका अनुबोधपटकाराच्या उमेदवारीच्या वर्षांची हकीकत सांगतो, कारण तिचा आपल्या चळवळीशी फार जवळचा संबंध आहे.

आनंद पटवर्धन यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. समाजवादी चळवळीला हे आडनाव अपरिचित नाही. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता आणि बेचाळीसमध्ये जे भूमिगत राहून लढले, ते अच्युतराव पटवर्धन त्यांचे चुलते. रावसाहेब पटवर्धन हेही चुलते. परंतु वारशाने आडनाव मिळते, दृष्टी मिळत नाही. ती ज्याची त्यालाच कमवावी लागते. आनंद अमेरिकेत शिकायला गेले तेव्हा तेथे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटलेले होते. त्यात ते सामील झाले. सेझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेतही त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. १९७२ साली परत आल्यावर मध्य प्रदेशच्या होशंगाबाद जिल्ह्यातील 'किशोर भारती' या संस्थेत, ग्रामीण शिक्षणाच्या कामात ते राहिले. म्हणजे चित्रपटाच्या धंद्यातून ते चळवळीकडे आले असे नव्हे. चळवळीत वावरत असताना त्यांच्या हाती कॅमेरा आला.

तो कसा आला ते पाहण्यासारखे आहे. मार्च १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांचे आंदोलन सुरू झाले आणि ५ जून रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाशजींनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. पुढे ४ नोव्हेंबरला खुद्द जयप्रकाशजींवर लाठी पडली. एका मोठ्या निदर्शनाच्या वेळी पोलीस बळाचा वापर करणार हे दिसत होते. त्याचा पुरावा म्हणून छायाचित्रे घ्यावीत, असे ठरले. छायाचित्रांऐवजी चलच्चित्रणच करावे, असे आनंद यांना वाटले. दिल्लीला जाऊन त्यांनी सुपर-८चा लहानसा कॅमेरा उसना आणला. पुढे १६ मिलिमीटरचा जुना, किल्ली देऊन चालणारा कॅमेरा आणि मुदत उलटून गेलेली फिल्म, एवढीच सामग्री मिळाली. आधीचे छोट्या फिल्मवरील चित्रण पडद्यावर दाखवून ते मोठ्या फिल्मवर पुन्हा टिपले गेले. त्यामुळे चित्र भरड आले, पण खोटे आले नाही. अशा रीतीने 'क्रांति की तरंगें' हा अर्ध्या तासाचा कृष्णधवल अनुबोधपट १९७५ साली पुरा झाला.

त्या काळी अनुबोधपट म्हटला की तो सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा, हे समीकरण पक्के होते. चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी धरणांची आणि योजनांची जी चित्रे आपण पाहत असू, ती तेथूनच येत. राज्यकर्त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या जनतेचे चित्र त्या यंत्रणेत मावणे शक्य नव्हते. 'क्रांति की तरंगें'ला ना सरकारचा पैसा होता, ना धंदेवाल्यांचा. 'स्वतंत्र' या शब्दाचा पहिला अर्थ हा.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि हा चित्रपट गुन्हा ठरला. तो लपवून ठेवावा लागला. एका प्रतीचे तुकडे करून ते मित्रांच्या हाती निरनिराळ्या मार्गांनी परदेशी धाडण्यात आले. आनंद शिक्षणासाठी कॅनडात पोहोचल्यावर तेथे ते पुन्हा जोडले गेले आणि आणीबाणीविरोधी भारतीयांच्या बैठकांतून दाखवले गेले. आपापल्या सामानात एकेक तुकडा लपवून नेणारे ते लोक चित्रपटकार नव्हते, आपल्यासारखेच होते. त्यांनी धोका पत्करला नसता, तर तो चित्रपट एखाद्या पेटीत कुजून गेला असता.

येथवरची हकीकत आपल्याला सुखावणारी आहे. आपली चळवळ, आपले जयप्रकाशजी, आणि त्यांचे चित्रण करणारा आपल्याच परंपरेतील तरुण! आता पुढचे ऐकावे.

१९७७ साली आणीबाणी संपली आणि जनता पक्षाचे सरकार आले. मे महिन्यात समाजवादी पक्ष त्या पक्षात विलीन झाला. कालपर्यंत तुरुंगात असलेले आपले नेते मंत्री झाले. शाह आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली १,१०,८०६ लोकांना डांबण्यात आले होते. त्यांच्या यातना आपण देशाला सांगितल्या, आणि ते योग्यच केले. तुरुंगाने खंगलेल्या स्नेहलता रेड्डी जानेवारी १९७७ मध्ये, सुटकेनंतर अवघ्या काही दिवसांत गेल्या. ती जखम आजही आपण विसरलेलो नाही.

परंतु परत आलेल्या आनंद पटवर्धनांनी १९७८ साली जो दुसरा चित्रपट केला, त्याने आपला सोयीचा हिशेब मोडला. 'जमीर के बंदी' या पाऊण तासाच्या चित्रपटाचे म्हणणे असे की, राजकीय कैदी आणीबाणीने निर्माण केले नाहीत. ते तिच्यापूर्वी होते आणि ती उठल्यावरही आहेत. ज्या हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून बेचाळीस साली जयप्रकाशजी निसटले, त्याच तुरुंगात मेरी टायलर ही इंग्रज स्त्री १९७० ते १९७५ अशी पाच वर्षे नक्षलवादी म्हणून खटल्यावाचून पडून होती. त्यांतील बहुतेक काळ आणीबाणीपूर्वीचा होता. तिच्याबरोबरच्या गरीब आदिवासी कैद्यांची नावे तर कोणाला ठाऊकही नव्हती. ज्यांचा मार्ग आपल्याला मान्य नव्हता, त्यांच्या कोठडीबद्दल आपला कंठ तेवढ्याच जोराने फुटला होता काय?

हा प्रश्न शत्रूने विचारला असता तर आपण तो उडवून लावला असता. तो विचारला आपल्या लढ्याचे चित्रण करणाऱ्या माणसाने. 'स्वतंत्र' या शब्दाचा दुसरा अर्थ येथे कळतो. सत्तेपासून स्वतंत्र राहणे कठीण आहे. परंतु स्वतःच्या मित्रांची सत्ता आल्यावर त्यांच्यापासून स्वतंत्र राहणे त्याहून कठीण आहे. पहिल्या चित्रपटाबद्दल त्यांचा गौरव करायचा आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळायचे, ही आपली रीत असेल, तर आपल्याला साक्षीदार नको आहे, भाट हवा आहे, असे म्हणावे लागेल.

त्यानंतर १९८१ साली जिम मनरो यांच्यासह त्यांनी कॅनडातील शेतमजुरांवर 'अ टाइम टू राइज' हा चित्रपट केला. ब्रिटिश कोलंबियात फळे तोडणारे पंजाबी आणि चिनी मजूर, त्यांना आणणारा मुकादम, तोडलेल्या मालाच्या मापावर मिळणारी मजुरी आणि त्यातून उभी राहिलेली संघटना, हा त्याचा विषय. आपल्याकडे किलोवर कापूस वेचणाऱ्या बायांना ही कथा परकी वाटणार नाही.

आणि १९८५ साली 'हमारा शहर' आला. जुलै १९८१ मध्ये मुंबईच्या झोपडीवासीयांना आणि पदपथावर राहणाऱ्यांना हुसकावण्याचा हुकूम निघाला होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जुलै १९८५ रोजी न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि तरीही रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्यास मोकळीक ठेवली. 'हमारा शहर' या पाडापाडीत जाऊन उभा राहतो. त्यात एक प्रसंग आहे. घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसावरच उसळते. आमची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, आम्हाला काय मिळणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. सत्तेला आणि मित्रांना प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःवरचा आरोपही पडद्यावर ठेवला. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि तो दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून मात्र न्यायालयात जावे लागले.

आता सकाळच्या प्रश्नाकडे येतो. आज कॅमेरा उसना मागावा लागत नाही. या खोलीतील प्रत्येकाच्या खिशात तो आहे. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची आणि पी. साईनाथ यांच्या कामाची नोंद करणारा 'नीरोज गेस्ट्स' हा चित्रपटही २००९ साली झाला. साधनांची उणीव राहिलेली नाही. उणीव आहे ती घटनेनंतर महिनाभर त्याच उंबरठ्यावर थांबणाऱ्याची, आणि केलेले चित्रण गावोगाव नेऊन दाखवणाऱ्याची. पहिले काम चित्रपटकाराचे असेल. दुसरे निःसंशय आपले आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. महिन्यातून एकदा, शाळेच्या खोलीत पांढरी चादर बांधून, असा एक चित्रपट दाखवावा आणि नंतर तासभर बोलावे. आपल्यापैकी कोणी कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेचे किंवा एखाद्या बुडालेल्या घराचे चित्रण केले, तर ते आधी त्या लोकांनाच दाखवावे. आणि त्यात आपल्या संघटनेचा, आपल्या ताब्यातल्या सोसायटीचा किंवा ग्रामपंचायतीचा दोष दिसला, तर तो कापू नये. त्या बाईने विचारलेला सवाल उद्या दारव्ह्यात कोणी आपल्यालाही विचारील. त्या वेळी कॅमेरा बंद करण्याचा मोह होईल. तो आवरला, तरच कापसाच्या भावाबद्दल आपण जे बोलतो त्यावर लोक विश्वास ठेवतील.