दुसऱ्या वैद्याचें मत

घरांतील एखादें माणूस गंभीर दुखण्यानें अंथरुणास खिळलें, म्हणजे नेहमींच्या डॉक्टरांबरोबर आणखी एका जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची चाल आपल्याकडे आतां चांगलीच रूढ झाली आहे. त्यांत पहिल्या डॉक्टरांचा अपमान होतो असें कोणी मानीत नाहीं. परंतु हीच गोष्ट कुत्र्याच्या बाबतींत कोणी सुचविली, तर ‘कुत्र्यासाठीं एवढा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न सहज केला जातो. ह्या प्रश्नाचें उत्तर, हाडाच्या कर्करोगाचें उदाहरण घेऊन, आज आपणांपुढें मांडावें असा माझा विचार आहे.

जालना एमआयडीसीकडे पाहा. भंगार वितळवून त्यांतून सळया ओढणारे कारखाने हें ह्या वसाहतीचें वैशिष्ट्य. समजा, अशा एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीच्या पहारेकऱ्यास सोबत करणारा कुत्रा एके दिवशीं पुढच्या पायानें लंगडूं लागला. पहिला तर्क कोणता होईल? लोखंड लागलें असेल! हा तर्क स्वाभाविक आहे, व पुष्कळदां तो खराही ठरतो. परंतु पंधरवडा उलटतो, लंगडणें थांबत नाहीं, मनगटाच्या वर हाड जाड लागतें, हात लावतांच प्राणी गुरगुरतो. मग क्ष-किरण चित्र काढलें जातें, आणि पशुवैद्य सांगतात, ‘हाडाचा कर्करोग असावा.’

श्रोतेहो, ह्या वाक्यांतील ‘असावा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्र्याच्या हाडांत मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकीं शेंकडा ८५ च्या आसपास ऑस्टिओसार्कोमा ह्या एकाच जातीचे असतात. थोराड बांध्याच्या कुत्र्यांस, बहुधा सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास, तो अधिक गांठतो. पुढच्या पायांत मनगटाजवळ व खांद्याजवळ, मागच्या पायांत गुडघ्याच्या आसपास त्याचें ठाणें असतें. वय तेंच, जागा तीच, आणि हाड कोठें पोखरलेलें तर कोठें वेडेंवांकडें वाढलेलें दिसलें, तर पशुवैद्यांचा संशय सकारणच म्हणावा लागेल. परंतु क्ष-किरण चित्र ही अखेर सावली आहे. जंतूंनीं किंवा बुरशीनें हाड सडलें, तरी ती सावली पुष्कळदां तशीच पडते. आणि जेथें लोखंडाच्या जखमा नित्याच्या, तेथें जंतु हाडापर्यंत पोंचण्याचा संभव दृष्टीआड करतां येत नाहीं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनीं होऊं शकते. कर्करोगाला मुका मार समजून महिना दवडला जाईल, किंवा बऱ्या होणाऱ्या दुखण्याला कर्करोग समजून पाय, कदाचित् प्राणही, घेतला जाईल. सुईनें काढलेल्या पेशी किंवा हाडाचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावरच रोग पक्का ठरतो.

एवढी खातरजमा कशासाठीं? कारण पुढचे उपाय परत न घेतां येण्याजोगे आहेत: पाय कापणें, नाहींतर अखेरचें इंजेक्शन. रोग खराच असेल, तर पाय काढल्यानें तेथील वेदना संपते, व बहुतेक कुत्रीं तीन पायांवर लौकरच हिंडूं लागतात. पण नुसत्या शस्त्रक्रियेनंतर आयुष्य सरासरीनें चार-पांच महिनेच लाभतें. जोडीला कर्करोगावरील औषधें दिलीं, तर तें दहा महिने ते वर्षापर्यंत वाढतें. दोन वर्षें पाहणारा पांचांतला एखादा. निदान होईतों दहांपैकीं नऊ कुत्र्यांत रोगाचे सूक्ष्म कण अन्यत्र, विशेषतः फुप्फुसांत, पोंचलेले असतात, आणि छातीच्या चित्रांत ते क्वचितच दिसतात. हे आकडे ऐकून कोणी खर्चाचा विचार केला, तर त्यास निष्ठुर म्हणूं नये. मात्र तो निर्णय संशयावर नव्हे, निदानावर व्हावा.

दुसरें मत घेतांना पहिल्या पशुवैद्यांस सरळ सांगावें. चांगला वैद्य रुष्ट होत नाहीं. उलट चित्रें, रक्ताचे अहवाल व दिलेल्या औषधांची यादी स्वतः हातीं देतो. जालन्याहून रेल्वेनें परभणीस जातां येतें. तेथें १९७२ पासूनचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईस परळचें महाविद्यालय १८८६ चें. आणि महालक्ष्मी येथें टाटा न्यासांचें लहान प्राण्यांचें रुग्णालय २०२४ मध्यें सुरू झालें. दुखरा प्राणी घेऊन निघण्यापूर्वीं चित्रें मोबाईलवरून पाठवून, प्रवास आवश्यक आहे काय, हें विचारावें. पुढें तीन प्रश्न करावेत: ह्याखेरीज दुसरा कोणता रोग संभवतो? तो कोणत्या तपासणीनें निश्चित होईल? आणि तोंवर वेदना कशी शमवावी? हा तिसरा प्रश्न विसरूं नये. घरांतील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कुत्र्यास मुळींच देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारखी गोळी त्याच्या जठरास व मूत्रपिंडास घातक ठरते. त्यास उड्या मारूं देऊं नयेत, कारण पोखरलेलें हाड सहज मोडतें. आणि हें सारें कांहीं दिवसांत उरकावें, महिन्यांत नव्हे.

फाटकावरच्या कुत्र्याचा धनी कोण, असें कोणी विचारील. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीं भटक्या कुत्र्यासही असाध्य रोगाचें निदान नेमलेल्या पथकानें केल्यावरच, पात्र पशुवैद्याच्या हातून, वेदनारहित मरण देण्याचें ठरविलें आहे. बेवारस प्राण्याचा जीवही कायद्यानें एकाच्या अंदाजावर सोडलेला नाहीं; मग आपल्या हातची भाकरी खाऊन आपल्या दारीं रात्र जागविणाऱ्याचा कसा सोडावा?

दुसरें मत म्हणजे गोड उत्तराचा शोध नव्हे. दोन मतें भिन्न पडलीं, तर हाडाच्या तुकड्याची तपासणी सांगेल तें मानावें, आपल्याला रुचेल तें नव्हे. दोन्ही जुळलीं, तर मन घट्ट करून पुढचें ठरवावें. त्या प्राण्याला स्वतःचें दुखणें सांगतां येत नाहीं आणि स्वतःसाठीं दुसरा वैद्यही बोलावितां येत नाहीं. तें काम त्याच्या माणसांनींच केलें पाहिजे.