शर्यतीचें मैदान आणि प्रेक्षकाची जागा

सातारा जिल्ह्यांतील पुसेगांवीं मार्गशीर्षांत श्रीसेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथाच्या दर्शनास येतात, तशींच बैलगाड्यांच्या शर्यती पाहावयासहि माणसें दूरदूरचीं येतात. सांगलीकडे खानापूर-आटपाडीच्या माळावरहि हाच षोक आहे. पुणें जिल्ह्यांतील घाटांत एकेक गाडा घड्याळाशीं झुंजतो. आपल्या भागांत कित्येक गाड्या आपापल्या चाकोरींतून एकदम सुटतात. निकाल लागतो तो शेवटच्या रेषेवर, म्हणून गर्दीहि तेथेंच लोटते.

पण ती रेषा माणसांनीं आंखलेली. बैलांना तिचें काय? छकड्याला ब्रेक नाहीं. वेग मोडण्यास रेषेपुढें मोकळी जमीन हवी, आणि नेमकी तीच लोकांनीं व्यापलेली असते. एखादी जोडी चाकोरी सोडून वळली, तर काठाची दोरी तिला काय अडविणार?

सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त मोकळ्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजीं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. या वादांत मुख्य प्रश्न बैलाच्या यातनांचा होता, आणि तो योग्यच होता. दोरीपलीकडील माणसाचाहि विचार मात्र व्हावयास हवा.

मोटारींच्या शर्यतींना हा धडा फार महाग पडला. ११ जून १९५५ रोजीं फ्रान्समध्यें ल मां येथें एक मोटार दुसरीवर आदळून उडाली, मातीच्या बांधावर फुटली, आणि तिचे जड भाग गर्दींत घुसले. ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. मार्गाचा तो भाग पूर्वीच्या मंद गाड्यांच्या काळांतला होता. गाड्यांचा वेग वाढला, प्रेक्षक मात्र होते तेथेंच राहिले. पुढें तेथील रस्ता रुंद केला, प्रेक्षकांचे सज्जे मागें नेले.

आपल्याकडे लगेच तक्रार येते, "मागें हटलों तर दिसणार काय?" दोरीशीं मीहि उभा राहिलों आहें. जमीन थरथरते, खुरांचा नाद छातींत उतरतो. तो आनंद खोटा नव्हे. पण खरें सांगूं? शर्यत मला दिसली नाहीं. जवळची गाडी दिसली, बाकीच्या तिच्याआड आणि धुळींत गेल्या. कोण पहिला, तें मला शेजाऱ्याला विचारावें लागलें, आणि त्यालाहि ठाऊक नव्हतें!

तेव्हां नुसतें मागें लोटून भागणार नाहीं. दृष्टि अडविणारें कुंपण घातलें, कीं लोक ट्रॅक्टरवर नाहीं तर झाडावर चढतात. प्रेक्षकाला उंची दिली, तर तो अंतर आपण होऊन मान्य करतो. आपल्या माळांना उतार आहेतच. शर्यत उताराच्या पायथ्याशीं, लोक वर उतारावर, मध्यें दोन दोऱ्यांचा मोकळा पट्टा, आणि रेषेपुढील जमिनींत बैल धरणाऱ्यांखेरीज कोणीहि नाहीं. यांत खर्च थोडा आहे. मात्र यात्रा समितीनें आधीं प्रेक्षकांचा उतार निवडावा आणि मग चाकोऱ्या आंखाव्या. आज बहुतेक ठिकाणीं हा क्रम उलटा असतो.