ऐकलेल्या मराठीचे ग्रंथालय



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ग्रंथांविषयी बोलले जावे, हे उचितच. परंतु बऱ्हाणपुरात मराठी केवळ ग्रंथांमुळे टिकली, असे म्हणणे अपुरे ठरेल. घरोघरी फळीवर ठेवलेल्या रेडिओचाही तिला मोठा आधार होता. आकाशवाणीची भाषणे आणि श्रुतिका यांनी भरलेला श्रोत्याचा दिवस, हा आजचा विषय.

१९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बऱ्हाणपूर ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला; बऱ्हाणपूर निमाडासह नव्या मध्य प्रदेशात राहिले. कचेरीत हिंदी, पेठेत हिंदी-उर्दू आणि घरात मराठी, असा येथील मराठी कुटुंबांचा व्यवहार. नकाशावर सीमा आखली गेली. आकाशातील लहरींना मात्र तिची वार्ता नव्हती.

यात निसर्गाचाही वाटा होता. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातील एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, आणि त्याहून उंच थरावरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो मैल दूर पोहोचतात. साहजिकच येथील श्रोत्याचा दिवस जवळच्या केंद्रांचा आणि रात्र दूरच्या केंद्रांची. १९५५ मध्ये सुरू झालेले इंदूर केंद्र हिंदीचे; १९७६ मध्ये सुरू झालेले जळगाव केंद्र मराठीचे; आणि अंधार पडला की १९४८ पासूनचे नागपूर आणि १९२७ पासूनचे मुंबई. सकाळी दिल्लीहून येणारे मराठी बातमीपत्र, दुपारी स्त्रियांसाठी कार्यक्रम, सायंकाळी शेतकऱ्यांशी संवाद, पुढे एखादे भाषण आणि रात्री नाटक, असा तो दिवस उलगडत जाई.

यातील भाषणाचा विचार प्रथम करू. मराठीला वक्तृत्वाची परंपरा मोठी. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेथे वक्त्यासमोर सभा असे. टाळ्यांनी त्याला उत्तेजन मिळे. नभोवाणीवरील वक्त्यासमोर केवळ ध्वनिक्षेपक आणि घड्याळ. वाचकाला पान मागे उलटता येते, श्रोत्याला ती सोय नाही. त्यामुळे वाक्ये आटोपशीर झाली, अवजड समास गळले आणि विद्वानांना घरगुती स्वरात बोलणे भाग पडले. मराठी गद्यावरील हा संस्कार पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकाने पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ काम केले, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घ्यावी.

या माध्यमातील बोलण्याचे बळ किती असते, याचे एक उदाहरण पुरे. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी महात्मा गांधी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात प्रथम आणि अखेरचे गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांपर्यंत त्यांना प्रत्यक्ष जाता आले नव्हते. त्यांचा आवाज मात्र गेला. तो दिवस पुढे लोकप्रसारण दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

आता नाटक. १९२४ मध्ये रिचर्ड ह्यूज यांनी बी.बी.सी.साठी जे नाटक लिहिले, ते दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत घडते. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यांनाही दिसत नाही! दृश्याची उणीव हेच नभोनाट्याचे सामर्थ्य, हे त्या एका युक्तीने सिद्ध केले. पाऊल, दार, पाऊस आणि विशेषतः शांतता, एवढ्या साधनांवर श्रोत्याच्या मनात रंगमंच उभा राहतो. धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ प्रथम आकाशवाणीवरूनच लोकांपर्यंत गेले. रंगभूमीवर ते नंतर गाजले.

१९५६ मध्येच आकाशवाणीने नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. एका भाषेतील नाटक इतर भाषांत अनुवादित होई आणि त्या त्या केंद्रांवरून एकाच रात्री सादर होई. प्रांत भाषेनुसार वेगळे झाले त्याच वर्षी भाषा परस्परांच्या घरी जाऊ लागल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. बऱ्हाणपूरच्या श्रोत्याला तर खुंटी थोडी फिरवताच तेच नाटक हिंदीतही आणि मराठीतही ऐकण्याचा मार्ग मोकळा होता. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणे ही नेहमीच अडचण नसते. येथे ती श्रीमंती ठरली.

हे वैभव राखले किती गेले? आरंभीची अनेक नाटके थेट प्रक्षेपित होत. त्यांचे ध्वनिमुद्रणच नव्हते. पुढे मुद्रण होऊ लागले, तरी ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरल्या जात. १९८८ मध्ये नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून सुरू झालेली रात्रीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्ये बंद झाली. छापील शब्दाला निदान कपाट मिळते. उच्चारलेल्या शब्दाला श्रोत्याच्या स्मृतीखेरीज घर नाही, आणि ते श्रोते आता वृद्ध झाले आहेत.

शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने हे कार्य अंगीकारावे. घराघरांत पडून असलेल्या भाषणांच्या आणि श्रुतिकांच्या हस्तलिखित संहिता मागवाव्यात, त्यांची सूची करावी. वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवाव्यात. निमाडी, खानदेशी आणि हिंदी यांच्या सहवासात येथील मराठीने जे वळण घेतले, तेही त्या आवाजांत आपोआप जतन होईल. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो मात्र फार उरलेला नाही.